ऐन ऑगस्टमध्ये नाओशिमा: उन्हाच्या हिशेबाने आखलेला एक दिवस

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना सलग सुट्टी मिळते ती बहुतेक ऑगस्टच्या मध्यात, ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या आठवड्यात. त्याच सुमारास पुण्या-नाशकाहून कुणीतरी आलेलं असतं, आणि तोक्यो-क्योतो झाल्यावर 'ते भोपळ्याचं बेट' बघायचा विषय निघतो. बेट म्हणजे कलाकृतींसाठी प्रसिद्ध नाओशिमा, आणि भोपळे म्हणजे तिथली शिल्पं. जायला उत्तम, पण ऑगस्टमधला तिथला उकाडा चेष्टेचा नाही.

"मुंबईचा मे काढलेली माणसं आपण," असं म्हणणारा एकजण प्रत्येक घोळक्यात असतो. तो एक गोष्ट विसरतो. मे महिन्यात दुपारी एक वाजता मुंबईकर डांबरी रस्त्यावर चढ चढत नसतो, घरात पंख्याखाली असतो. नाओशिमाला मात्र आपण चालायलाच जातो. कलाकृती बेटभर विखुरलेल्या, मधे टेकड्या आणि रस्त्यावर सावली बेताची. ३४-३५ अंशांत, दमट हवेत, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणून आधी उन्हाचा हिशेब करायचा आणि मग त्यात कला बसवायची. सुदैवाने या बेटावर ते जमतं, कारण इथली सगळ्यात महत्त्वाची इमारत जमिनीखाली आहे आणि ती बघायची सगळ्यात चांगली वेळ भर दुपारची आहे.

बेटाची थोडी ओळख

नाओशिमा कागावा प्रांतात आहे, सेतो अंतर्गत समुद्रात. घेर साधारण १६ किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आसपास. उत्तर टोकाला मित्सुबिशीचा धातू शुद्ध करण्याचा कारखाना आहे, १९१७ पासूनचा. दक्षिणेच्या टेकड्यांवर १९९२ मध्ये बेनेसे हाऊस उभं राहिलं, संग्रहालय आणि हॉटेल एकाच ठिकाणी. वास्तुकार तादाओ आंदो. तिथून सुरू झालेलं काम अजून थांबलेलं नाही. मे २०२५ मध्ये उघडलेलं 'नाओशिमा न्यू म्युझियम ऑफ आर्ट' ही आंदो यांची इथली दहावी वास्तू.

फिरण्यापुरत्या तीन जागा लक्षात ठेवा. पश्चिमेला मियानोउरा, मुख्य बंदर. पूर्वेला होनमुरा, जुन्या घरांचं गाव. दक्षिणेला संग्रहालयांचा पट्टा, आणि त्याच्या तोंडाशी त्सुत्सुजी-सो नावाचा बसथांबा.

हवेचंही एक वैशिष्ट्य आहे. उत्तरेला चुगोकूचे आणि दक्षिणेला शिकोकूचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे या पट्ट्यात पाऊस कमी आणि ऊन जास्त. कागावात शेतीसाठी हजारो तळी खोदलेली आहेत ती त्यामुळेच. दिवसा समुद्रावरून वारा येतो, रात्री जमिनीकडून. ही अदलाबदल होताना संध्याकाळी वारा चक्क पडतो. 'युनागी' म्हणतात त्याला. समुद्रकाठी आहोत म्हणजे सहा वाजता गार झुळूक येईल, या भरवशावर संध्याकाळचा चढ ठेवू नका. सूर्य कललेला असतो, पण हवा जागची हलत नाही.

तारीख ठरवताना

सोमवार टाळा. चिचू आणि ली उफान ही संग्रहालयं आणि होनमुरातली कलाघरं, म्हणजे कलाकृती झालेली जुनी घरं, सोमवारी बंद असतात. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद होतात. बेनेसे हाऊसचं संग्रहालय तेवढं रोज चालू असतं. सोमवारी येऊन बंद दारं बघून परत जाणारे प्रवासी दर उन्हाळ्यात दिसतात.

जुलैचा पहिला पंधरवडा साधारण पावसाळी असतो. तो संपला की खरं ऊन सुरू होतं. १३ ते १६ ऑगस्टच्या सुमारास ओबोनची गर्दी, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे वादळांचे महिने. दर तीन वर्षांनी सेतोउचीचा, म्हणजे याच समुद्रपट्ट्याचा, कलामहोत्सव भरतो. २०२५ मध्ये झाला, आणि त्याचं एक सत्र उन्हाळ्यातच असतं. त्या वर्षी राहायची सोय कित्येक महिने आधी करावी लागते. निवडायला मिळत असेल तर मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा घेईन, मंगळवार ते गुरुवार. ऊन तेच, पण रांगा लहान. भारतातून येणाऱ्यांना मे महिना मोकळा असेल, तर 'गोल्डन वीक'ची, म्हणजे मेच्या सुरुवातीची, सुट्टी संपल्यावर या आणि या लेखातलं निम्मं विसरून जा.

तिकीट: दुपारचं चिचू आधी

प्रवासाआधी एकच गोष्ट नक्की करा, ती म्हणजे चिचू संग्रहालयाचं ऑनलाइन तिकीट. ते तारखेचं आणि प्रवेशाच्या वेळेचं असतं. गर्दीच्या दिवसांत वेळा भरून जातात, मग दारात जाऊन उपयोग होत नाही. साडेबारा ते दीडच्या मधली वेळ घ्या.

ही वेळ घेण्यामागे दोन कारणं आहेत. एक तर तेव्हा बाहेर थांबण्यासारखं काही नसतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. २००४ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय आंदो यांनी टेकडीच्या पोटात बांधलंय, आणि तरी आतला प्रकाश बहुतेक वरून येणारा, आकाशाचा आहे. क्लोद मोने यांची कमळतळ्याची पाच चित्रं ज्या दालनात आहेत, तिथे दिवा नाही. जमीन कारारा संगमरवराच्या दोन सेंटिमीटरच्या सुमारे सात लाख घनांची, कोपरे गोलसर, आणि वरून झिरपणारा उजेड. एखादा ढग आला की चित्रातला निळा रंग मावळतो आणि ढग सरकला की परत येतो. ढग येऊन जाईपर्यंत तिथेच उभे राहा. दुपारच्या कडक उन्हातच हा फरक ठळक दिसतो. म्हणजे बाहेर ज्या उन्हाला शिव्या देत होतो, त्याच उन्हावर हे दालन चालतं.

खाली वॉल्टर डी मारिया यांच्या दालनात पायऱ्यांच्या मधोमध २.२ मीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा आहे आणि भिंतींवर सोन्याचा वर्ख दिलेले २७ लाकडी खांब. गोळ्याच्या चकचकीत पृष्ठभागावर छताची उजळ चौकट उमटते, आणि आपण पायऱ्या चढू तशी ती सरकते. एकाच जागी उभं राहून 'बघितलं' म्हणू नका, वरपर्यंत जाऊन मागे वळा.

दोन व्यावहारिक गोष्टी. मोनेच्या दालनात बूट काढून तिथल्या सपाता घालायच्या असतात, जेम्स टरेल यांच्या एका कलाकृतीतही बूट काढावे लागतात. सकाळभर घामेजलेले मोजे त्या शांत, पांढऱ्या दालनात फार लक्ष वेधून घेतात. एक कोरडा जोड जवळ ठेवा आणि तिकीट खिडकीपाशीच बदला. दुसरं म्हणजे, सगळं संग्रहालय थंडगार नाही. दालनांना जोडणारे मार्ग उघड्या चौकांच्या कडेने जातात आणि तिथे बाहेरचीच हवा असते. तिकीट केंद्रापासून दारापर्यंतही थोडं चालायचं आहे. वाटेत मोने यांच्या आवडीची झाडं आणि कमळं लावलेलं तळं लागतं. ऑगस्टमध्ये कमळं फुललेली असतात, पण छत्री उघडून बघा.

पोहोचायचं कसं

ओकायामा हे सोयीचं स्टेशन. शिन-ओसाकाहून शिन्कान्सेनने पाऊण तास, तोक्योहून सव्वातीन तासांच्या पुढे-मागे. ओकायामाहून लोकल गाडीने उनो, बऱ्याचदा चायामाचीला गाडी बदलून, साधारण तास. उनो स्टेशनसमोरच धक्का आहे. तिथून मियानोउरा २० मिनिटं. शिकोकूच्या बाजूने आलात तर ताकामात्सुहून मोठ्या बोटीने ५० मिनिटं.

उन्हाळ्यात पहिल्या-दुसऱ्या बोटीने बेटावर उतरणं सगळ्यात फायद्याचं, म्हणून आदल्या रात्री उनो, ओकायामा किंवा ताकामात्सुला मुक्काम करा. तोक्योकरांना आणखी एक छान पर्याय आहे: 'सनराइज सेतो' ही रात्रीची झोपायची गाडी. तोक्योहून रात्री दहाच्या आधी निघते आणि सकाळी साडेसातच्या सुमारास ताकामात्सुला सोडते, धक्का तिथून चालत जाण्याइतका जवळ. तिची तिकिटं महिनाभर आधी सुटतात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत लगेच संपतात.

मोठ्या बॅगा बेटावर नेऊच नका. बंदरावर लॉकर आहेत, पण मोजके. ओकायामा किंवा ताकामात्सु स्टेशनवर ठेवून या.

पाठीवरची पिशवी

माणशी एक लिटरची बाटली. जपानमध्ये नळाचं पाणी पिता येतं आणि शीतपेयांची यंत्रं वस्तीत जागोजाग आहेत, पण दक्षिणेच्या पट्ट्यात त्यांच्यावर विसंबू नका. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, घामावाटे मीठही जातं. ओआरएसची पाकिटं घरूनच आणा. इथे खाऱ्या गोळ्या मिळतात, 'शिओ-आमे', त्या बॅगेत टाका. यंत्रातून काही घ्यायचं तर 'मुगिचा' घ्या, सातूचा गार चहा. त्यात कॅफिन नसतं. कोकमाचं आगळ आणलं असेल तर पाण्यात घालून चिमूटभर मीठ टाका. या हवेत त्याला तोड नाही.

उन्हाची छत्री हवीच. जपानमध्ये पुरुषही आता सर्रास वापरतात, लाजायचं कारण नाही. कपडे पटकन वाळणारे. जाड सुती शर्ट एकदा भिजला की दिवसभर ओला राहतो, आणि बोटीतल्या थंड हवेत शिंका सुरू होतात. छोटा टॉवेल, गॉगल, काढता-घालता येतील असे बूट, वर सांगितलेले मोजे. बससाठी १०० येनची सुटी नाणी. कचऱ्याला एक प्लास्टिकची पिशवी, कारण रस्त्यावर कचराकुंड्या दिसत नाहीत.

दिवस असा लावा

बोटीतून उतरल्याबरोबर मियानोउराच्या धक्क्याशेजारी जपानी कलावंत यायोई कुसामा यांचा लाल भोपळा दिसतो. आत शिरता येतं. मुलं तिथेच अडकतात, पण हा संध्याकाळीही इथेच असणार आहे. आधी गावची बस पकडा आणि होनमुरावरून थेट त्सुत्सुजी-सो गाठा.

पिवळा भोपळा तिथून चालत काही मिनिटांवर आहे, समुद्रात गेलेल्या छोट्या धक्क्याच्या टोकाला. काळ्या ठिपक्यांचा हा भोपळा १९९४ पासून बेटाची ओळख आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वादळात लाटांनी तो उचलून नेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा बसवला. तिथे सावलीचा तुकडाही नाही, आणि दुपारी फोटोसाठी रांग लागते. भर उन्हात फोटोसाठी उभं राहणं हा उन्हाळी नाओशिमातला सगळ्यात निरर्थक उद्योग आहे. सकाळी नवाच्या सुमारास वीस मिनिटांत काम होतं.

दहाच्या सुमारास होनमुराला परता. १९९८ पासून इथल्या रिकाम्या जुन्या घरांचं एकेका कलावंताने कलाकृतीत रूपांतर केलं आहे. पहिलं घर कादोया. सुमारे दोनशे वर्षं जुन्या घरात तात्सुओ मियाजिमा यांनी पाणी भरून त्यात १२५ आकडे पेटवलेत. प्रत्येक आकडा आपापल्या गतीने बदलतो, आणि ती गती गावातल्या १२५ माणसांनी ठरवली आहे. अंधारी, शांत खोली. लाल-हिरवे आकडे कुठे घाईत, कुठे रेंगाळत चाललेले. बसून बघा, अंगही निवतं.

मिनामिदेरा या दुसऱ्या कलाघरात प्रवेश ठरावीक वेळेला, गटागटाने मिळतो. म्हणून आधी तिथली वेळ नक्की करा आणि मग बाकीची घरं त्याभोवती बसवा. आत टरेल यांनी संपूर्ण काळोख केलाय. भिंतीला हात लावत आत जायचं आणि डोळे सरावेपर्यंत काही मिनिटं नुसतं बसायचं. लखलखत्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना जास्त वेळ लागतो. रांगेत उभे असताना गॉगल घालूनच ठेवा, फरक पडतो.

कलावंत हिरोशी सुगिमोतो यांचं गोओ देऊळ टेकाडावर आहे. काचेच्या पायऱ्या देवळातून जमिनीखालच्या दगडी खोलीत उतरतात. चढ लहान, तरी तो अकराच्या आत उरका. हाइशा हे शिन्रो ओताके यांनी डागडुजीच्या पत्र्या-फळ्यांनी मढवलेलं दातांच्या डॉक्टरांचं जुनं घर. ते वस्तीच्या कडेला आहे, वेळ कमी असेल तर हेच गाळा. सगळी घरं एका सकाळी बघायचा हट्ट धरू नका. तीन नीट बघितलीत तरी पुष्कळ.

साडेअकराला जेवा, बाराला नाही. कारण पुढे येतंच.

मग बसने त्सुत्सुजी-सो, तिथून बेनेसेच्या मोफत बसने चिचू. ही बस उन्हाळ्यात भरते, म्हणून एक फेरी हातची ठेवून निघा. चिचूत दीड तास तरी द्या. बाहेर पडेपर्यंत तीन वाजतात. पुढे उतारावर ली उफान संग्रहालय, २०१०चं, तेही आंदो यांचंच आणि अर्धं जमिनीत. बाहेर साडेअठरा मीटरचा काँक्रीटचा एकच खांब उभा आहे. त्याची सावली पकडून उभी असलेली माणसं दिसतील. त्यानंतर बेनेसे हाऊस. तिथे समुद्राकडच्या बाजूला बसायला जागा आहे. साडेचारपर्यंत उठू नका.

परत मियानोउरा आणि मग स्नान. ओताके यांनीच २००९ मध्ये सजवलेलं 'आय लव्ह यू' हे सार्वजनिक स्नानगृह म्हणजे कलाकृतीत बसून अंघोळ. आत स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे, नियम जपानी: आधी स्वच्छ अंग धुवायचं, मग विवस्त्र होऊनच टाकीत उतरायचं. मराठी संकोच इथे आड येतो हे मान्य, पण दिवसभराच्या घामानंतर बोटीत बसण्याआधी याहून चांगलं काही नाही. एक अट मात्र आहे. डोकं दुखत असेल, गरगरत असेल तर गरम पाण्यात उतरू नका.

सायकल घ्यावी का?

बंदरावर भाड्याने मिळतात, विजेवर चालणाऱ्याही. वसंतात आणि शरदात मी डोळे झाकून हो म्हणेन. ऑगस्टमध्ये फक्त सकाळी दहापर्यंत, आणि तीही विजेचीच. मियानोउराहून चिचूचा चढ दमवणारा आहे. शिवाय त्सुत्सुजी-सो ते बेनेसेचं संग्रहालय हा खासगी रस्ता आहे, तिथे सायकल नेता येत नाही. म्हणजे वळसा आणि आणखी ऊन. साठीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर बसच.

जेवण

बेटावरची खाणावळी लहान, बारा ते एक दारात रांग, आणि दुपारी बऱ्याच बंद होतात. ती रांग उन्हात उभी असते, म्हणून साडेअकरा. मुक्काम असेल तर रात्रीचं जेवणही आधी ठरवा.

शाकाहाऱ्यांनी जास्त सावध राहावं. कागावा उदोन शेवयांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्या रश्शाचा आधार वाळवलेली छोटी मासळी. वरून काही दिसत नाही म्हणजे शाकाहारी, असं नाही. दुकानात मिळणारे शिओमुसुबी, म्हणजे फक्त मीठ लावलेले भाताचे गोळे, हा त्यातल्या त्यात निर्धोक पर्याय. त्यावर डबीतली शेंगदाण्याची चटणी किंवा मेतकूट, सोबत भडंग, आणि जेवण झालं. भारतातून येताना मांसाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या आणू नका, विमानतळावर अडवतात. लिंबंसुद्धा यात आली.

अंगावर यायला लागलं तर

जपानमध्ये उष्माघाताच्या धोक्याचा इशारा दिला जातो. तो नुसत्या तापमानावर नसतो, दमटपणा आणि उन्हाचा ताप धरून काढलेला निर्देशांक ३३ किंवा त्याहून वर जाणार असेल तर दिला जातो. त्या दिवशी होनमुराची फेरी कापा आणि थेट संग्रहालयांकडे जा.

पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, यातलं काहीही झालं की कार्यक्रम तिथेच थांबवायचा. थंड जागी न्या, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने किंवा गार बाटल्यांनी थंड करा, ओआरएस घोट-घोट पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला पाणी गिळता येईना, किंवा अंग तापूनही घाम थांबला, तर लगेच ११९ ला फोन. बेटावर दवाखाना लहान आहे आणि मोठ्या रुग्णालयासाठी समुद्र ओलांडावा लागतो, म्हणून 'थोडं बसलं की बरं वाटेल' म्हणत तासभर घालवू नका. घरातली वडीलधारी माणसं त्रास लपवतात. त्यांना "बरं आहे ना?" विचारण्याऐवजी दर अर्ध्या तासाला बाटली हातात द्या.

परतीची बोट आणि वादळ

शेवटची बोट आपल्याला वाटते त्याहून लवकर असते. सकाळी उतरल्या-उतरल्या धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि शेवटच्याच्या आधीची बोट आपली समजा. वादळाची बातमी असेल तर बोटी रद्द होतात, संग्रहालयंही बंद राहतात. नाओशिमाच्या दुसऱ्याच दिवशी मायदेशीचं विमान ठेवू नका, मधे एक रात्र मुख्य भूमीवर असू द्या.

दुसरा दिवस हाताशी असेल तर न्यू म्युझियम बघा. होनमुराजवळच्या टेकडीवर आहे, दोन मजले जमिनीखाली, त्यामुळे तेही दुपारचंच. शेजारच्या तेशिमा बेटाचा मोह होईल. तिथलं र्यूए निशिझावा आणि रेई नाइतो यांचं संग्रहालय अप्रतिम आहे, पण त्याच्या छताला दोन मोठी उघडी भोकं आहेत आणि आत बाहेरचीच हवा खेळते. ऑगस्टमध्ये तिथे सकाळची पहिली वेळ घ्या. आणि ते मंगळवारी बंद असतं.